भावाला लावलेली 'कृत्रिम त्वचा' जिवंत असते का? मग परत मांडीची कातडी कशाला?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे मेडिकलवाले आणि रिसर्चवाले बरेच जण वावरतात म्हणून हा धागा काढतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ भाजलाय. मान, छातीचा वरचा भाग आणि उजवा हात कोपरापासून थेट बोटांपर्यंत, आणि तेही खोलवर. जिवावरचं टळलं, आता बर्न्स वॉर्डात आहे, बोलतोय, चिडचिड करतोय म्हणजे बरा आहे असं आई म्हणते. पहिल्या ऑपरेशनमध्ये जळालेला सगळा भाग काढून टाकला आणि त्यावर आर्टिफिशियल स्किन लावली असं सांगितलं. आम्हाला वाटलं चला, सुटलो, आता नवीन कातडी आलीच. तर काल राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले की साधारण तीन आठवड्यांनी मांडीची कातडी काढून यावर बसवू. मी विचारलं की मग हे आत्ता लावलंय ते काय आहे, तर एवढंच म्हणाले की "ते खालचं आहे, वरचं नंतर" आणि पुढच्या बेडकडे गेले. त्यांना वेळ नसतो ते कळतं मला, पण घरी आल्यावर सगळे मलाच विचारतात ना!

तर प्रश्न असे की ही जी लावलीये ती जिवंत असते का, शरीर ती नाकारणार नाही का, आणि तीन आठवडे नक्की कशाची वाट बघायची. दुसरं म्हणजे आमचा एक मावसभाऊ आहे तो रोज एक व्हिडिओ पाठवतो, कुठे थ्रीडी प्रिंटरवर कान छापला, कुठे लॅबमध्ये हृदय धडधडलं, कुठे पेशंटच्याच पेशींपासून कातडी वाढवली. त्याचं म्हणणं की मांडी सोलून घेण्यापेक्षा थोडं थांबा, नवीन टेक्नॉलॉजी येईल. आई आता त्याच्या बाजूने झुकायला लागलीये. खरंच थांबण्यात काही अर्थ आहे का?

---

टाकेवाला

रानजाई ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तेच महत्त्वाचं. थांबू नका. मान आणि हात हे दोन्ही भाग असे आहेत की उघडी जखम जितके दिवस राहील तितकी ती आकसत जाते, हनुवटी छातीकडे ओढली जाते, बोटं आखडतात, आणि मग ते सोडवायला वेगळी ऑपरेशनं लागतात. मावसभावाला सांगा व्हिडिओ बघ खुशाल पण इकडे पाठवू नकोस. अर्थात भावाची जखम मी बघितलेली नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

आता ते काय लावलंय ते सांगतो. तुम्ही जे वर्णन करताय, म्हणजे तीन आठवडे थांबायचं आणि मग वरून पातळ ग्राफ्ट (दुसरीकडून काढून बसवलेली कातडी), त्यावरून ते दोन थरांचं डर्मल टेम्प्लेट वाटतंय, म्हणजे कातडीचा खालचा जाड थर, डर्मिस, परत उभा राहावा म्हणून दिलेला साचा. वरचा थर सिलिकॉनचा, पारदर्शक, तो तात्पुरता असतो, त्याचं काम एवढंच की आतलं पाणी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचे जंतू आत येऊ नयेत. खालचा थर म्हणजे स्पंजसारखा सच्छिद्र कोलॅजनचा (कातडीला चिवटपणा देणारं प्रोटीन), गाईबैलांच्या स्नायुबंधातून काढलेलं कोलॅजन, आणि त्यात शार्कच्या कूर्चेतून (कानात असतं तसं लवचिक मऊ हाड) मिळणारं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलेलं. यात एकही जिवंत पेशी नसते. पूर्ण निर्जीव. आणि म्हणूनच शरीर ते एखाद्या परक्या अवयवासारखं नाकारत नाही, कारण ज्या पेशींवर हल्ला करायचा त्याच तिथे नाहीत.

हे मूळ काम अमेरिकेतल्या आयोनिस यानस आणि जॉन बर्क या दोघांचं, १९८१ मध्ये त्यांचा पेपर आला. यानस पॉलिमरवाला माणूस, बर्क सर्जन. त्यांना दिसलं असं की विशिष्ट आकाराच्या छिद्रांचा आणि विशिष्ट वेगाने विरघळणारा स्पंज जखमेत ठेवला तर जखम आकसायची थांबते, आणि आकसणं थांबलं की शरीर तिथे नुसता व्रण भरण्याऐवजी बऱ्यापैकी खऱ्या डर्मिससारखा थर बांधतं. छिद्रं फार बारीक केली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी केली तर पेशींना धरायला भिंतीच उरत नाहीत. विरघळायला फार घाई झाली तर उपयोग नाही, आणि राहूनच गेलं तर शरीर त्याभोवती कवच बांधतं. अमेरिकेत याला रीतसर परवानगी मिळाली १९९६ मध्ये.

तीन आठवडे वाट बघायची ती रक्तवाहिन्यांची. आत्ता तो स्पंज खालच्या जखमेला चिकटलाय, खालून भावाच्या स्वतःच्या पेशी आणि केशवाहिन्या वर चढतायत आणि गाईचं कोलॅजन हळूहळू विरघळून त्याच्या जागी त्याचं स्वतःचं कोलॅजन येतंय. ड्रेसिंगला सोबत थांबू देत असतील तर रंगाकडे लक्ष ठेवा. पहिल्या दिवसांत सिलिकॉनखाली लालभडक दिसतं, मग गुलाबी होत जातं आणि शेवटी फिकट, पिवळसर पीचसारखा रंग येतो. तो रंग सगळीकडे सारखा आला, बोटाने दाबल्यावर पांढरं होऊन परत भरलं, की समजायचं आत रक्त खेळतंय. मग ओटीत (ऑपरेशन थिएटरात) तो सिलिकॉनचा थर चिमट्याने सोलून काढतात, नीट झालं असेल तर अख्खा एका तुकड्यात निघतो, आणि त्यावर मांडीची फार पातळ कातडी बसवतात, साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. डर्मिस आधीच तयार झालेलं असल्यामुळे जाड कातडी घ्यावी लागत नाही, म्हणून मांडीवरची जखम लवकर भरते आणि तिथे व्रणही कमी राहतो. मांडी सोलणं म्हणतात खरं, पण ते आईंना वाटतंय तितकं भयंकर नाहीये. दुखतं मात्र खूप, हे खोटं नाही सांगणार, कधी कधी मूळ जखमेपेक्षा डोनर साइटच, म्हणजे कातडी काढली ती जागाच, जास्त ठणकते.

मान आणि हात आहेत म्हणून शक्यतो कातडीला छेद देऊन तिची जाळी न करता सलग कातडी बसवतील, दिसायलाही बरं आणि हालचालीलाही.

---

रानजाई

टाकेवाला, काय सांगू, चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळलं. आईला वाचून दाखवलं. "ते खालचं आहे, वरचं नंतर" याचा अर्थ आत्ता लागला, डॉक्टर बरोबरच सांगत होते म्हणायचे फक्त चार शब्दांत 🙂

एक राहिलं. नंतर ही कातडी अगदी पहिल्यासारखी होते का? भाऊ बाहेर उन्हातलं काम करतो म्हणून विचारतेय.

---

टाकेवाला

अगदी पहिल्यासारखी नाही होत. वाकते, पसरते, नुसत्या व्रणापेक्षा खूप मऊ राहते, काही महिन्यांत स्पर्शही बऱ्यापैकी परत येतो. पण घामाच्या ग्रंथी, तेलग्रंथी आणि केसांची मुळं तयार होत नाहीत. टेम्प्लेटमध्ये त्या नसतात आणि पातळ ग्राफ्टमध्येही येत नाहीत कारण त्यांची मुळं खोल असतात. म्हणजे तेवढ्या भागाला घाम येणार नाही, कातडी कोरडी पडणार, रोज मॉइश्चरायझर चोळावं लागणार, आणि उन्हापासून तो भाग झाकावाच लागणार, नाहीतर काळपट डाग कायमचे बसतात. मान आणि एक हात एवढ्याने अंगाचं एकूण तापमान सांभाळायला अडचण येत नाही, बाकीची कातडी भरपाई करते. निम्मं अंग भाजलेल्यांना मात्र उकाड्याचा खरंच त्रास होतो.

---

पेशीपालक

छान चाललाय धागा, वाचनखूण साठवली. मी पेशी वाढवायच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं म्हणून मावसभावाच्या 'पेशंटच्याच पेशींपासून कातडी' याबद्दल लिहितो, कारण ती गोष्ट खोटी नाही, आणि नवीनही नाही.

१९७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या वरच्या कातडीच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट्स, बशीत वाढवायची रीत काढली. त्या पेशी नुसत्या बशीत टाकल्या की रुसतात, वाढतच नाहीत. यांनी खाली उंदराच्या पेशींचा एक थर अंथरला, त्या पेशी रेडिएशन देऊन अशा केलेल्या की स्वतः वाढणार नाहीत पण वरच्यांना सांभाळतील. त्यावर टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीन-चार आठवड्यांत माणसाचं अख्खं अंग झाकेल एवढी कातडी वाढते. १९८४ मध्ये दोन लहान भावांची केस छापून आली, दोघंही पंच्याण्णव टक्क्यांच्या वर भाजलेले, म्हणजे त्या काळी कोणी आशाही धरली नसती, आणि ती दोघं वाचली.

मग ही कातडी सगळ्यांना का लावत नाहीत? एकदा ही शीट हातात धरून बघितली असती तर कळलं असतं, पण धरताच येत नाही ती, हीच गोम आहे. तीन ते आठ पेशींची जाडी. एन्झाइम टाकून बशीवरून सोडवली की लगेच स्वतःभोवती गोळा होऊन आकसते, म्हणून तिला व्हॅसलिनच्या गॉजवर क्लिपा लावून ताणून बसवायची, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे विसरायचं नाही, आणि मग तासांचा हिशोब सुरू होतो, ओटीला उशीर झाला की आपण इकडे नखं खातो. लागली तरी पहिले कित्येक महिने तिला कपडा घासला तरी फोड येतो. कारण खऱ्या कातडीत वरचा थर खालच्या थरात बारीक धाग्यांनी रोवलेला असतो आणि ते धागे नव्याने तयार व्हायला फार वेळ लागतो. इन्फेक्शन झालं की शीट विरघळल्यासारखी नाहीशी होते. म्हणून ज्यांच्या अंगावर डोनर साइटच उरलेली नाही त्यांच्यासाठी ती संजीवनी, आणि ज्याची मांडी शाबूत आहे त्याच्यासाठी मांडीच उत्तम. भावाची मांडी शाबूत आहे ना, मग विषय संपला.

या सगळ्यातली मला सर्वात मोठी वाटणारी केस मात्र भाजण्याची नाही. जर्मनीत बोखुम इथे सात वर्षांचा एक मुलगा होता, त्याला जन्मजात आजार असा की कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं एक प्रोटीन नीट बनतच नाही, हात लागला की फोड, शेवटी बहुतेक कातडी गेलेली. इटलीत मोडेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या टीमने त्याच्या शाबूत कातडीतून पेशी घेतल्या, त्यात दुरुस्त जीन घातलं, कातडी वाढवली आणि २०१५-१६ मध्ये टप्प्याटप्प्याने अंगाच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर बसवली. २०१७ मध्ये पेपर आला, पुढेही कातडी टिकून आहे असं नंतर छापून आलं. पण तिथेही बघा, त्याचं खालचं डर्मिस त्याचंच होतं, रक्त आधीच खेळत होतं, वरचा थर नवा बसला. भाजलेल्यात नेमकं तेच डर्मिस गेलेलं असतं.

---

तिरकस_बाण

सगळं ठीक आहे पण गेली तीस वर्षं ऐकतोय की अवयव लॅबमध्ये बनणार, प्रत्यारोपणाच्या रांगा संपणार. १९९७ मध्ये तो पाठीवर कान असलेला उंदीर सगळ्या जगाने बघितला, आज मूत्रपिंड कुठाय? यकृत कुठाय? आणि श्वासनलिकेचं काय झालं ते कोणी लिहीत नाही इथे. पाओलो माक्कियारीनी नावाच्या सर्जनने २०११ पासून स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर पेशंटच्या पेशी 'पेरून' बसवल्या, जगभर गवगवा, आणि तिथे ज्या तिघांना बसवल्या ते तिघंही पुढे दगावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील कोर्टाने त्याला दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. म्हणून असले चमत्कार वाचले की मी आधी खिसा आणि मग मान सांभाळतो.

---

जेलीफिश

तिरकसराव, तुमचा राग रास्त आहे आणि श्वासनलिकेची केस आमच्या क्षेत्रात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी असं माझं मत आहे. पण 'मूत्रपिंड कुठाय' याचं उत्तर फसवणूक हे नाहीये, उत्तर आहे ऑक्सिजन.

(मी बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात वापरायच्या मटेरियल्समध्ये, पीएचडी करतेय, थोडं लांबेल.)

जिवंत पेशीला ऑक्सिजन रक्तवाहिनीतून झिरपत मिळतो आणि तो झिरपून जातो फार तर १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढा. त्यापलीकडची पेशी उपाशी मरते. तुम्ही प्रिंटरवर कितीही सुंदर यकृत छापा, त्यात केशवाहिन्यांचं जाळं नसेल आणि ते पेशंटच्या धमनीला जोडता आलं नाही तर बाहेरचा पापुद्रा जगेल आणि आतला गाभा सडेल. आता यश कुठे कुठे मिळालं ते बघा. वरची कातडी, जिच्यात रक्तवाहिन्या नसतातच. डोळ्याचा पारदर्शक पडदा, त्यातही नसतात, तिथल्या मूळपेशींची (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या) थेरपी युरोपात २०१५ पासून मान्य आहे. गुडघ्याची कूर्चा, तिच्यातही नसतात, पेशंटच्या कूर्चापेशी वाढवून परत भरायचं काम स्वीडनमधून १९९४ मध्ये छापून आलं. हा काही योगायोग नाही ना!

आणि तो उंदीर. तो कान माणसाच्या पेशींचा नव्हता, जीन बदलून उगवलेला तर अजिबात नव्हता, विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साच्यावर वासराच्या कूर्चापेशी लावून उंदराच्या कातडीखाली ठेवल्या होत्या. कूर्चाच होती म्हणून जमलं.

मूत्राशयाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अँथनी अटाला यांच्या टीमने २००६ मध्ये सात पेशंटचा अहवाल दिला, त्यांच्याच पेशी स्कॅफोल्डवर, म्हणजे आधाराच्या साच्यावर, वाढवून मूत्राशय मोठं केलेलं. पातळ भिंतीचा पोकळ अवयव, त्यातही ज्यांना पोटातल्या चरबीच्या पडद्यात, म्हणजे ओमेंटममध्ये, गुंडाळून बसवलं त्यांचं जास्त चांगलं झालं, कारण त्या पडद्यात रक्त भरपूर असतं. परत तेच! पण पुढे जास्त रीतसर ट्रायल केली, मुलांमध्ये, तिचा निकाल २०१४ मध्ये आला तर मूत्राशयाची धारणक्षमता सुधारली नाही आणि गंभीर त्रासही झाले. बातमी २००६ ची पसरली, २०१४ चा निकाल तुमच्या मावसभावाला कोणी फॉरवर्ड केला नसणार. पहिल्या सात पेशंटवरून कधीच नाचायचं नसतं.

आता टाकेवाला यांच्या मुद्द्याला जोडून माझं जे म्हणणं आहे ते असं. लोकांना वाटतं जितकं खऱ्यासारखं आणि जिवंत बनवू तितकं भारी. प्रत्यक्षात पेशंटपर्यंत जे पोचतं ते बहुतेक वेळा निर्जीवच असतं, फक्त अशा हुशारीने बनवलेलं की शरीर त्यावर चढून आपलं काम स्वतः करतं. वेलीला मांडव घालून द्यायचा, वेल आपण बनवायची नाही. रक्तवाहिनीचंच घ्या. लॉरा निकलसन यांनी वर्षानुवर्षं खपून जी नळी केली, तिच्यात आधी माणसाच्या स्नायूपेशी विरघळणाऱ्या जाळीवर लावतात, बायोरिअॅक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या यंत्रात) नाडीसारखे ठोके देत आठवडेच्या आठवडे वाढवतात, पेशी कोलॅजन विणतात, जाळी विरघळते, आणि मग त्या सगळ्या पेशी धुऊन टाकतात! एवढं वाढवून शेवटी पेशीच काढायच्या. उरते ती ६ मिमी व्यासाची कोलॅजनची नळी, कोणाच्याही अंगात चालणारी, साठवून ठेवता येणारी. हातापायाच्या धमनीला मोठी इजा झाली आणि पेशंटची स्वतःची शीर वापरता येत नसेल तर लावायला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. नंतर पेशंटच्या पेशी त्यात येऊन राहतात. अर्थात परवानगीबरोबर ठळक चौकटीतला इशाराही आहे, नळी फुटण्याचा किंवा जोड सुटण्याचा, म्हणजे जादू नाहीये ही पण.

हीच धुण्याची युक्ती अख्ख्या हृदयावर २००८ मध्ये डॉरिस टेलर यांच्या टीमने केली होती, उंदराच्या जातीतलंच थोडं मोठं, रॅटचं हृदय. धमनीतून साबणासारखं द्रावण सोडून सगळ्या पेशी धुऊन काढल्या, मागे उरलं पांढरं, अर्धपारदर्शक, जाळीचं हृदय, झडपा आणि वाहिन्यांच्या वाटांसकट. मग त्यात नव्या पेशी घातल्या आणि आठवड्याभरात ते आकुंचन पावायला लागलं. ते 'धडधडणारं हृदय' बहुधा याच कुळातलं. आणि त्याची ताकद किती, तर मोठ्या रॅटच्या हृदयाच्या सुमारे दोन टक्के. व्हिडिओत टक्का दिसत नाही.

बाकी मटेरियल निर्जीव म्हणजे मुकं असं मात्र नाही हां. २००६ मध्ये एंगलर आणि डिशर यांनी दाखवलं की एकाच मूळपेशीला मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवलं, म्हणजे साधारण ०.१ ते १ किलोपास्कल (कडकपणाचं माप), तर ती मेंदूतल्यासारख्या चेतापेशीच्या वाटेला लागते, ८ ते १७ वर स्नायूच्या आणि २५ ते ४० वर हाडाच्या. केमिकल तेच, फक्त खालची गादी कडक. माझं अर्ध आयुष्य सध्या जेल किती कडक झाली हे मोजण्यात चाललंय आणि बॅच बदलली की आकडा बदलतो, तो वेगळा धागा होईल, रडण्याचा.

---

तिरकस_बाण

बरं लिहिलंत, मान्य. पण मग सरळ बोला ना की अख्खा अवयव आमच्या हयातीत नाही.

---

जेलीफिश

अख्खं मूत्रपिंड, बहुतेक नाही. त्यावर पैज लावणार नाही मी. तुकडे मात्र येतायत. हृदयाच्या स्नायूचा पॅच, रीप्रोग्राम केलेल्या (साध्या पेशींना मागे नेऊन केलेल्या) मूळपेशींपासून बनवलेला, जर्मनीत ग्योटिंगनच्या टीमने माकडांत आणि एका पेशंटमध्ये बसवून २०२५ च्या सुरुवातीला छापलं. हृदय बदललेलं नाही, थकलेल्या भिंतीला ठिगळ लावलंय. मला ठिगळांवर जास्त भरवसा आहे.

---

नटबोल्ट

सगळे अंगात बसवायच्या गोष्टींवर बोलताय, म्हणून अंगाबाहेरचं थोडं. जिवंत ऊतकांचा उपयोग बसवायलाच हवा असं नाही. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात पेशंटच्या गुदाशयातून चिमटीभर नमुना घेऊन त्याची बारीक पोकळ गोळ्यांसारखी ऑर्गनॉइड्स वाढवतात, मग त्यात औषध टाकायचं. औषधाने त्या पेशंटचं बिघडलेलं चॅनल, म्हणजे पेशीच्या भिंतीतलं क्षारांचं दार, उघडलं तर आत पाणी शिरून गोळी फुगते, नाही उघडलं तर तशीच राहते. मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं. नेदरलँड्समधून २०१३ मध्ये ही टेस्ट आली आणि दुर्मीळ म्युटेशनवाल्यांना, ज्यांच्यावर कधी मोठी ट्रायल होणारच नाही, त्यांना औषध लागू पडेल का हे आधी बघता येतं. पेशंटच्या दृष्टीने बघाल तर छापलेल्या कानापेक्षा मला हे मोठं वाटतं.

माझं स्वतःचं काम याहून साधं, आम्ही सर्जनना सरावासाठी खोटी ऊतकं बनवतो. पीव्हीए नावाचं पॉलिमर पाण्यात विरघळवायचं, साच्यात ओतायचं, गोठवायचं, वितळवायचं, परत गोठवायचं, जितकी चक्रं जास्त तितकं ते चिवट होत जातं, मग यकृतासारखं हवं की धमनीच्या भिंतीसारखं ते त्यावरून ठरवायचं. दिसायला हुबेहूब करणं सोपं असतं हो. सुई आत जाताना आधी अडते आणि मग 'टच्च' करून सुटते ना, ती जाणीव आणायला जीव जातो. एक सिनिअर भूलतज्ज्ञ बाई येतात तपासायला, डोळे मिटून सुई घालतात आणि नुसती मान हलवतात, नाही म्हणून. त्या हो म्हणाल्या की बॅच पास. नवशिका डॉक्टर पहिल्या चुका आमच्या जेलीवर करतो, माणसावर नाही, एवढं पुरे.

---

पेशीपालक

नटबोल्ट, त्या बाईंना आमच्याकडे पाठवा 😄

---

रानजाई

मंडळी, निम्मं डोक्यावरून गेलं पण निम्मं कळलं आणि आईला तर रक्तवाहिन्यांचा मुद्दा इतका पटला की आता तीच मावसभावाला समजावतेय. दुसऱ्या ऑपरेशनला होकार कळवला. आज ड्रेसिंगच्या वेळी आत थांबू दिलं. हातावर बराचसा भाग गुलाबी झालाय, पण मनगटाजवळ सिलिकॉनच्या खाली एक रुपयाएवढा काळसर लाल डाग दिसला आणि तिथे दाबलं की थोडं डचमळतं. शिवाय मानेजवळ एका कोपऱ्याची कड उचलली गेलीये. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला मनगटाचं दाखवलं तर त्या म्हणाल्या डॉक्टरांना सांगते. भाऊ म्हणतो ती सुटलेली कड टोचते, कापून टाक. कापू का?

---

टाकेवाला

अजिबात कापू नका, ओढूही नका, त्यालाही हात लावू देऊ नका. सिलिकॉन आत्ता वरची कातडी म्हणून काम करतंय, कड उघडी पडली की जंतूंना तिथूनच वाट मिळते. ते कडेला स्टेपल किंवा टाका घालून नाहीतर ड्रेसिंगने दाबून नीट करतात, तेवढी कड टोचत असेल तर मध्ये गॉजची घडी ठेवायला सांगा.

डचमळणारा काळसर डाग म्हणजे खाली रक्त साठलेलं असण्याची शक्यता आहे. रक्त साठलं की टेम्प्लेट जखमेपासून वर उचललं जातं, खालून केशवाहिन्या त्यात शिरू शकत नाहीत आणि तेवढा भाग वाया जातो, वर जेलीफिश यांनी लिहिलंय तेच. लवकर लक्षात आलं तर सिलिकॉनला बारीक छेद देऊन ते काढून टाकतात आणि परत दाबून बसवतात, बेडवरसुद्धा होतं हे. म्हणून उद्याच्या राउंडची वाट बघू नका, आत्ता ड्युटीवर जे रेसिडेंट डॉक्टर असतील त्यांना बोलवून मनगट आणि मान दोन्ही दाखवा. परवानगी असेल तर फोटो काढून ठेवा, आजचा आणि उद्याचा, डागाच्या कडेची खूण दिसेल असा. वास यायला लागला, ताप आला किंवा डाग हिरवट पिवळा दिसला तर रात्री दोन वाजले असले तरी उठवा त्यांना.

---

रानजाई

बोलावलं. रेसिडेंट आले, सुईने बारीक छेद देऊन काळं रक्त काढलं आणि घट्ट पट्टी बांधली. कडेला दोन स्टेपल मारले. म्हणाले बरं झालं आज दाखवलंत, परवा परत उघडून बघू. भाऊ स्टेपलवरून माझ्यावर चिडलाय.